संगणकाच्या पंख्याचा वेग : दवाखान्यातील एक दुर्लक्षित प्रश्न

बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीच्या खोलीत औषधे, उपकरणे आणि खेळणी यांच्याइतकीच शांतताही आवश्यक असते. तान्ह्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यापासून ते रडू लागेपर्यंत आपल्याला जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत हृदयाचे दोन्ही ध्वनी, त्यांच्यामधला एखादा अस्फुट मर्मर आणि श्वासाचा आवाज यांची नोंद कानाने घ्यायची असते. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलाशेजारी डेस्कटॉप संगणक आला आणि त्याच्यासोबत त्याचे पंखेही आले. हे पंखे फार वेगाने फिरले तर वैद्याच्या कानाला त्रास होतो; फार सावकाश फिरले तर संगणक तापतो. या दोहोंमधला योग्य वेग कसा ठरवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी संगणक अभियंता नाही. परंतु तापमान हा माझ्या रोजच्या व्यवहारातील विषय आहे, आणि संगणकाच्या तापमानाचे नियमन समजून घेताना शरीरविज्ञानाचा अभ्यास उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. स्मरणिकेच्या वाचकांत वैद्यकीय व्यवसायाबाहेरील मंडळीही असल्यामुळे शक्यतो सोप्या शब्दांत मांडणी केली आहे.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसरला मिळालेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. पूर्ण काम करणारा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडणारी ६५ वॅट उष्णता. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला चुकून हात लावलेल्या कोणालाही तिची कल्पना येईल. ही उष्णता धातूच्या हीटसिंकमध्ये पसरते आणि पंखा ती हवेत सोडतो.

पूर्वी ही गरज नव्हती. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पी.सी.चा प्रोसेसर इतकी थोडी वीज वापरीत असे की, त्यावर हीटसिंकही नव्हता. पंखा होता तो एस.एम.पी.एस.च्या पेटीत. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरवर हीटसिंक आणि छोटा पंखा ही सर्वसाधारण बाब झाली. पंखा अजिबात नको, हा हट्टही करून झाला आहे. १९८० साली ॲपल कंपनीने आपला ‘ॲपल थ्री’ पंख्याशिवाय बाजारात आणला. तो तापण्याच्या आणि बंद पडण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की, सुरुवातीचे संगणक कंपनीला बदलून द्यावे लागले.

आजचे प्रोसेसर मात्र पुष्कळ शहाणे आहेत. त्यांपैकी बहुतेकांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःहून कामाचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढतच राहिले तर संगणक बंद होतो. ताप आलेले मूल खेळणे थांबवून आपणहून पडून राहते, तसाच हा प्रकार. म्हणजे थोड्या उष्णतेने प्रोसेसर जळून जाईल ही भीती आता फारशी उरलेली नाही. त्रास होतो तो निराळा. समोर रुग्ण बसलेला असताना संगणक रेंगाळतो, किंवा अर्धवट लिहिलेल्या केसपेपरासह बंद होतो.

पंख्याच्या शक्तीची मर्यादा

मनुष्याला पंख्याखाली गार वाटते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनामुळे. संगणकाला घाम येत नाही. म्हणून पंखा कितीही वेगाने फिरला तरी प्रोसेसर सभोवतालच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. पंख्याच्या वेगावर अवलंबून असते ते एवढेच की, प्रोसेसर हवेपेक्षा किती अंशांनी वर राहील.

आपल्या इंदूरच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. समजा, एका ठरावीक वेगावर आणि ठरावीक कामात आपला प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा ३० अंश वर राहतो. जानेवारीतल्या सकाळी खोलीत १५ अंश असतील तर प्रोसेसर ४५ अंशांवर असेल. मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली, ए.सी. बंद पडला, संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि खोली ३८ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर तेवढ्याच कामात ६८ अंशांवर जाईल. शब-ए-मालवाची कीर्ती रात्रीच्या गारव्यासाठी आहे. आपला बाह्यरुग्ण विभाग दुपारीही चालतो. याचा अर्थ असा की, एका ऋतूत पाहून कायमचा ठरवलेला वेग दुसऱ्या ऋतूत चुकीचा ठरतो.

आणखी एक बारीक गोष्ट. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते, त्यामुळे तितक्याच फेऱ्यांत पंखा उष्णताही किंचित कमी वाहून नेतो. हा फरक चिंतेचा नाही. परंतु दुसऱ्या गावच्या मित्राच्या संगणकावरील आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत, एवढे यावरून ध्यानात यावे.

वेग आणि आवाज यांचे गणित

पंख्यांच्या विज्ञानात काही साधे नियम आहेत. वेग दुप्पट केला तर हवेचा प्रवाह दुप्पट होतो, दाब चौपट होतो आणि पंख्याला लागणारी वीज आठपट होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. तेव्हा १५ डेसिबल म्हणजे केवढी वाढ, याचा अंदाज बांधता येईल.

त्या मानाने थंडावा मात्र दुप्पट होत नाही. सुरुवातीला वेग वाढवल्याने तापमान झपाट्याने उतरते. पुढे पुढे तेवढीच वाढ केली तरी हाती येणारा फायदा घटत जातो. औषधाची मात्रा वाढवत नेल्यावर गुण वाढणे थांबते आणि दुष्परिणाम मात्र वाढत राहतात, हे आपण जाणतोच. याउलट, पूर्ण वेगावरचा पंखा ७० टक्के वेगावर आणला तर आवाज सुमारे ८ डेसिबलने उतरतो, पंख्याची वीज जवळपास एकतृतीयांश होते आणि प्रोसेसरचे तापमान बहुधा थोड्याच अंशांनी वाढते.

आवाजाचे पथ्य कशासाठी?

पंख्याच्या आवाजात दोन घटक असतात : वाऱ्याचा सळसळाट आणि पात्यांचा एकसुरी घुमारा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्या करीत असेल तर सेकंदाला २० फेऱ्या होतात आणि सेकंदाला १४० वेळा एकेक पाते एका जागेवरून जाते. म्हणजे त्याचा घुमारा १४० हर्ट्झचा असतो. २,४०० फेऱ्यांवर तो २८० हर्ट्झ होतो.

आता आपले क्षेत्र पाहा. हृदयाचे ध्वनी आणि बहुतेक मर्मर साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १९०९ साली वर्णिलेला, मुलांमध्ये वारंवार आढळणारा निरुपद्रवी मर्मरही याच पट्ट्याच्या खालच्या भागात, गुणगुणल्यासारखा ऐकू येतो. पंख्याचा घुमारा नेमका याच कंपनांत येतो. त्या मर्मराचा पोत ओळखून पालकांना ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगायचे, की इकोकार्डिओग्राफीसाठी पाठवायचे, हा निर्णय कानावर अवलंबून असतो. न्यूमोनियाच्या बाळाचे बारीक कण्हणे तर स्टेथोस्कोपशिवाय, नुसत्या कानाने टिपायचे असते.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९७ साली नवजात अतिदक्षता विभागातील ४५ डेसिबलहून अधिक आवाज चिंतेचा मानावा, असे म्हटले. आपली तपासणीची खोली म्हणजे अतिदक्षता विभाग नव्हे, हे खरे. परंतु तेथे प्रतीक्षागृहातली गलबल आणि छताचा पंखा आधीच असतात. त्यात टेबलाखालच्या पेटीची भर घालण्याचे कारण नाही. छताचा पंखा आपण तपासताना बंद करू शकतो. संगणकाचा पंखा तसा बंद करता येत नाही. म्हणून त्याचा वेग आधीच विचारपूर्वक ठरवावा लागतो.

एक आकडा नव्हे, आलेख

पंख्याचा वेग किती ठेवावा, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. मुलाच्या श्वासाचा वेग किती म्हणजे जास्त, याचेही उत्तर एका आकड्यात नसते. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, असे वयोमान पाहून आपण ठरवतो. तद्वत पंख्याचा वेग तापमान पाहून ठरावा. बहुतेक आधुनिक मदरबोर्डांत यासाठी तापमान आणि वेग यांचा आलेख आखण्याची सोय असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली की बायोसचा पडदा उघडतो. त्यात पंख्यांचा विभाग असतो. तेथे सायलेंट, स्टँडर्ड आणि टर्बो किंवा फुल स्पीड असे तयार पर्याय असतात, तसेच स्वतः आलेख आखण्याचा मॅन्युअल पर्यायही असतो.

आलेख आखण्यापूर्वी पंख्याच्या तारा मोजाव्यात. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्टचा दाब सतत मिळतो आणि चौथ्या तारेवरील सेकंदाला सुमारे २५,००० स्पंदनांच्या संकेताने वेग ठरतो. ही कंपने मानवी श्रवणाच्या पलीकडची असल्याने ती ऐकू येत नाहीत. या पद्धतीला पी.डब्ल्यू.एम. म्हणतात. तीन तारांच्या पंख्याला चौथी तार नसते. त्याचा वेग व्होल्टचा दाब कमी-जास्त करून बदलतात. त्याला डी.सी. पद्धत म्हणतात. तीन तारांचा पंखा जोडला असून बायोसमध्ये पी.डब्ल्यू.एम. निवडलेले असेल, तर तो पंखा अहोरात्र पूर्ण वेगाने फिरत राहतो. दवाखान्यांतील पुष्कळ गोंगाटी संगणकांचे निदान एवढेच असते आणि उपचार म्हणजे तो एक पर्याय बदलणे. तीन तारांच्या पंख्याला फार कमी दाब दिला तर मात्र तो सुरूच होत नाही. म्हणून त्याला ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नये.

साध्या दवाखान्यातील, चार तारांचा पंखा असलेल्या संगणकासाठी मी पुढील आलेखापासून सुरुवात करावी असे सुचवतो. प्रोसेसर ४५ अंशांपर्यंत असताना पंखा ३० टक्के. ६० अंशांवर ४५ टक्के. ७२ अंशांवर ७० टक्के. आणि ८२ अंशांवर १०० टक्के. मधल्या तापमानांना वेग क्रमाक्रमाने आपोआप वाढतो. कॅबिनेटचे पंखे ५० अंशांपर्यंत ४० टक्के आणि ७५ अंशांवर ८० टक्के ठेवावेत. केसपेपर लिहिणे, लसीकरणाच्या नोंदी पाहणे, पावती छापणे या कामांत प्रोसेसर फारसा दमत नाही. त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ पंखा खालच्या दोन टप्प्यांतच राहील. विंडोज अद्ययावत होताना किंवा व्हायरसची तपासणी चालू असताना तो वर चढेल. ही कामे रुग्ण नसलेल्या वेळेवर टाकता येतात.

येथे टक्का हा त्या त्या पंख्याच्या कमाल वेगाचा आहे, हे विसरू नये. १,५०० फेऱ्यांच्या मोठ्या पंख्याचे ५० टक्के म्हणजे सुमारे ७५० फेऱ्या. ३,००० फेऱ्यांच्या छोट्या पंख्याचे ५० टक्के म्हणजे सुमारे १,५०० फेऱ्या. तेवढीच हवा मोठा पंखा सावकाश फिरून देतो. म्हणून नवा पंखा घ्यायचा असेल आणि जागा असेल, तर ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा घ्यावा.

वेगातील चढउतार

पुष्कळांची तक्रार असते की, पंखा सारखा चढतो आणि उतरतो. एखादा प्रोग्राम उघडला की प्रोसेसरच्या आतले तापमान एका क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी घेते आणि लगेच खाली येते. हीटसिंकचा धातू मात्र तेवढ्यात तापतही नाही. पंखा प्रत्येक उडीला प्रतिसाद देऊ लागला की हा हुंकार सुरू होतो आणि स्थिर आवाजापेक्षा तो अधिक त्रासदायक वाटतो. रडणाऱ्या मुलाची नाडी मोजून आपण निष्कर्ष काढत नाही. मूल शांत होण्याची वाट पाहतो आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो. बायोसमध्ये वेग वाढवण्यापूर्वी आणि कमी करण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याचा पर्याय असतो. तो चढताना तीन-चार सेकंद आणि उतरताना त्याहून अधिक ठेवावा.

वेग वाढवून न सुटणारे प्रश्न

आलेख बदलण्याआधी कारण शोधावे. गेल्या वर्षी शांत असणारा संगणक यंदा ओरडू लागला असेल तर बहुधा कोठेतरी धूळ साचलेली असते. येथे वेग वाढवणे म्हणजे निदान न करता तापाचे औषध देणे होय. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला की हवा आत शिरत नाही. आपल्या गावात रंगपंचमीच्या गेरेनंतर गुलाल कोठे कोठे पोहोचतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर लगेच उन्हाळा सुरू होतो. तेव्हा वर्षाची पहिली साफसफाई त्याच आठवड्यात आणि दुसरी दिवाळीच्या आवराआवरीत करावी. संगणकाची वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मगच ब्लोअर मारावा. अन्यथा पंखा भलत्याच वेगाने गरगरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. सफाई करूनही तापमान उतरले नाही तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळली असण्याचा संभव असतो. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. पंख्यातून खरखर येत असेल तर बेअरिंग झिजलेले असते. असा पंखा बदलावा.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवणे हाही एक दोष. तेथे पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी आणि पेटी जमिनीपासून थोडी उचलून ठेवावी. एस.एम.पी.एस.चा पंखा बहुधा बायोसमधून नियंत्रित होत नाही. तो गोंगाट करीत असेल तर धूळ किंवा बेअरिंग यांचाच विचार करावा. काही ग्राफिक कार्डांचे पंखे कमी कामात पूर्ण थांबतात. घरी मुलांच्या संगणकात असे दिसले तर तो बिघाड समजू नये. प्रोसेसरचा पंखा मात्र कधीही शून्यावर ठेवू नये आणि पंखा बंद पडल्यास मिळणारी बायोसची सूचनाही बंद करू नये.

‘उष्णतेने हार्ड डिस्क जाईल, म्हणून पंखा पूर्ण वेगावर ठेवला आहे,’ असे सांगणारे मित्र मला भेटतात. गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णता आणि बिघाड यांचा ठळक संबंध त्यांना आढळला नाही. तो दिसला मुख्यतः फार चढ्या तापमानात आणि वय झालेल्या डिस्कमध्ये. डिस्क गार असूनही बंद पडू शकते. तेव्हा शेकडो मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी सुरक्षित ठेवायच्या असतील तर त्यांची दुसरी प्रत निराळ्या जागी रोज घ्यावी. ते काम पंख्याकडून होणार नाही.

पडताळणी कशी करावी?

उपचार दिल्यावर आपण रुग्णाला पुन्हा बोलावतो. येथेही तसेच करावे. आलेख बसवल्यानंतर सर्वांत उकाड्याच्या दिवशी, दुपारी, ए.सी. बंद ठेवून अर्धा तास संगणकाला जड काम द्यावे आणि तापमान किती चढते ते पाहावे. ते ८० ते ८५ अंशांच्या आत स्थिरावत असेल तर समाधान मानावे. त्याहून वर जात असेल तर आधी धूळ व जागा पाहावी, मग वरच्या टप्प्यांचा वेग वाढवावा. तापमान ६० च्या वर जातच नसेल तर वेग आणखी उतरवायला वाव आहे. एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली रुग्णांच्या तापमानाचे तक्ते मांडून हेच दाखवले होते. म्हणून दर ऋतूला एकदा तापमान आणि फेऱ्या यांची नोंद वहीत करून ठेवावी. पुढील वर्षी तीच तुलनेला उपयोगी पडते.

दुसरी परीक्षा कानाची. दवाखाना सुरू होण्यापूर्वी, संगणक चालू ठेवून, तपासणीच्या टेबलाजवळ उभे राहावे आणि स्वतःच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवावा. संगणक चालू असताना आणि बंद केल्यावर जे ऐकू येते त्यात फरक जाणवत असेल तर खालच्या टप्प्यांचा वेग पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जावे, किंवा पेटी टेबलापासून दूर सरकवावी. तापमानाची परीक्षा प्रत्येक बदलानंतर पुन्हा करावी.

या साऱ्याला एक सुटीची दुपार पुरते आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. संगणक दुरुस्त करणारा येतो तेव्हा तो केवळ यंत्र वाचवण्याचा विचार करतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्या खोलीत काय ऐकायचे असते, हे मात्र आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून पंख्याचा वेग ठरवण्याचे काम वैद्याने स्वतः लक्ष घालून करावे, अशी माझी समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती आहे.